आरसीवर नाव कुणाचं, हुकूम कुणाचा?

मागच्या हिवाळ्यात मी हेमलकशाहून परत येत होतो. भामरागडचा रस्ता संपवून आलापल्लीच्या चौकात पोहोचलो, तर एटापल्लीकडून येणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकची रांग लागलेली. चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर शेजारी येऊन बसला. गाडी त्याची स्वतःचीच होती. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मालक!" तो हसला. "भाऊ, आरसीवर नाव माझंच हाय. पण गाडी कधी चालन, कधी थांबन, हे दुसराच ठरवते."

आजचा भाग या एका वाक्याच्या इतिहासावर आहे.

आधी माझी एक कबुली. मी सॉफ्टवेअरवाला. काही वर्षांपूर्वी एका ट्रान्सपोर्ट कंपनीसाठी ॲप बनवणाऱ्या टीममध्ये होतो. डेटाबेसमध्ये दोन टेबलं होती, 'कर्मचारी' आणि 'व्हेंडर'. ज्याची गाडी कंपनीकडे अटॅच आहे तो मालक 'व्हेंडर'मध्ये. पण त्याच्या मोबाइलवर जाणारे मेसेज बघा: इतक्या वाजता गेटवर हजर राहा. याच पंपावर डिझेल भरा. उशीर झाला तर इतकी कपात. आता सांगा, हे मेसेज व्हेंडरचे आहेत की कर्मचाऱ्याचे? मी तेव्हा हा प्रश्न विचारला नाही. कपातीचा कोड मीच लिहिला होता. कपात का झाली, हे मालकाला दाखवणारा रकाना त्यात नव्हता.

'अटॅच' म्हणजे काय, ते थोडक्यात. खाण, सिमेंट किंवा कोळसा कंपनी वाहतुकीचं कंत्राट एका ट्रान्सपोर्टरला देते. त्याच्या स्वतःच्या गाड्या थोड्या असतात, बाकीच्या दुसऱ्यांच्या लावलेल्या. गाडीचा हप्ता, विमा, टायर, फिटनेस, ड्रायव्हरचा पगार हे सगळं गाडीमालकाकडे. टनामागे भाडं किती आणि रांगेत नंबर कितवा, हे ट्रान्सपोर्टरकडे. काम कमी झालं की कुणाची गाडी आधी उभी राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता मागे जाऊ. 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा नव्हता. तो 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. पावसाळ्यात नद्या भरल्या की हा भाग जगापासून तुटायचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही बंद पडल्याच्या बातम्या येतात. या जंगलातला ट्रकचा जुना धंदा म्हणजे सागवान आणि बांबू बाहेर काढणं. आलापल्लीचा लाकूड डेपो, बल्लारपूरची कागद गिरणी ही त्यातली ठळक नावं. काम हंगामी, पण कर्जाचा हप्ता बारमाही. नदीने गाडी अडवली तरी हप्त्याची तारीख पुढे जात नाही.

गंमत बघा, त्याच 1973 च्या डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या मालकांनी हायवे अडवले होते. तेलसंकटात डिझेल महागलं, मिळेनासं झालं आणि भाडं मात्र वाढेना. त्यांची मोठी संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. तिथेही हेच होतं: गाडी आपली, ती कंपनीला 'लीज'वर दिलेली आणि कंपनीच्या नावावर धावणारी. शेवटी 1979 मध्ये तिथल्या सरकारने नियम केले. करार लेखी हवा. कुठली कपात होणार आणि ती कशी मोजणार, हे करारातच लिहायचं. भाडं बिलाच्या टक्केवारीवर ठरलं असेल तर मूळ बिल मालकाला दाखवायचं. कागदपत्रं दिल्यापासून 15 दिवसांत पैसे. आणि आमच्याकडूनच अमुक वस्तू घ्या, अशी सक्ती नाही. यानेही सगळे तंटे मिटले नाहीत, आजही कोर्टकज्जे चालू आहेत. पण कागद आला.

परत आपल्या जंगलात. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड डोंगरावर 2007 मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. माओवाद्यांच्या विरोधामुळे काम अडखळत राहिलं, 2016 मध्ये खनिज निघू लागलं. आणि 23 डिसेंबर 2016 ला, म्हणजे हेमलकशाच्या त्याच तारखेला, माओवाद्यांनी सुरजागडला सुमारे 80 वाहनं पेटवली. बहुतेक ट्रक होते, खनिज न्यायला कंत्राटावर आलेले.

बातमीत आकडा आला, 80 वाहनं. पण प्रत्येक जळालेल्या ट्रकमागे एक हिशोब असतो. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. त्यात स्वतःच्या जळालेल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. पॅकेज विमा घेतला असेल तर आग आणि दहशतवादी कृत्य दोन्ही त्यात येतात. पण भरपाई मिळते ती गाडीच्या घटलेल्या किमतीवर, आणि कर्ज असेल तर पैसा आधी फायनान्सवाल्याकडे जातो. मधल्या महिन्यांचं बुडालेलं भाडं विम्यात नसतंच. नदीचा धोका असो की बंदुकीचा, आरसीवर ज्याचं नाव, तो धोका त्याच्याच अंगावर.

मग हुकूम देणाऱ्याची जबाबदारी काहीच नाही? 1997 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर राजस्थान राज्य परिवहन महामंडळाचा खटला आला होता. बस खासगी मालकाची, ड्रायव्हर मालकाचा, पण दोन्ही महामंडळाने कराराने घेतलेले. अपघात झाला, भरपाई कुणी द्यायची? कोर्टाने पाहिलं की ड्रायव्हर कुणाच्या सूचनेवर गाडी चालवत होता. ताबा आणि नियंत्रण महामंडळाचं होतं, म्हणून जबाबदारीही महामंडळाची. हा निकाल अपघाताच्या भरपाईपुरता होता, त्याने ट्रकमालकाचं भाडं वाढत नाही. पण प्रश्न नेमका तोच आहे, जो मी ॲप लिहिताना विचारायला हवा होता.

आपल्याकडे 2007 चा रस्ते वाहतुकीचा कायदा आहे, 1865 च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याच्या जागी आलेला. त्याचा भर माल पाठवणारा आणि वाहतूकदार यांच्यावर आहे: बिल्टी, माल हरवला तर भरपाई वगैरे. अटॅच मालकाच्या कपातीसाठी अमेरिकेसारखा नियम त्यात नाही. एक हत्यार मात्र हातात आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. ट्रकवालाही 'उद्यम' नोंदणी करू शकतो. तो टपरीवरचा भाऊ म्हणाला, त्याने हे नाव ऐकलंच नव्हतं.

सुरजागडचं काम 2021 मध्ये पुन्हा जोरात सुरू झालं, ट्रकही वाढले. मग जुलै 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे 85 किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. दळलेलं खनिज पाण्यात मिसळून पाइपमधून जातं. रस्त्यावरची धूळ आणि अपघात यामुळे कमी होत असतील तर चांगलंच आहे, रस्त्याकाठच्या गावांनी फार सोसलंय. पण या रस्त्याच्या भरवशावर ज्याने पाच वर्षांच्या हप्त्याने गाडी घेतली, त्याच्या करारात काम किती महिने मिळेल हे लिहिलंय का? बहुतेक वेळा करारच तोंडी असतो.

मी त्या भाऊला आणखी विचारणार होतो, पण त्याचा फोन वाजला. नंबर लागला होता. अर्धा चहा ठेवून तो उठला.

तुमच्या घरात, नात्यात कुणाची गाडी कुठे अटॅच असेल, तर आज रात्री जेवताना तीनच गोष्टी विचारा. करार कागदावर आहे का? कपातीची कारणं त्यात लिहिली आहेत का? विमा थर्ड पार्टी आहे की पॅकेज? उत्तरं काय मिळाली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.