माणूस गेल्यावरचा कागद

घरातलं माणूस गेलं की चाळीस दिवस लोकांचा राबता असतो. मग घर रिकामं होतं आणि कपाटातली पत्र्याची पेटी उघडावी लागते. आमच्या अब्बांच्या पेटीत एक पासबुक निघालं, मुदत ठेवीच्या दोन पावत्या, घराचा उतारा आणि एक चिठ्ठी. कुणाचं किती देणं राहिलंय, ते तिच्यात लिहिलं होतं. सगळ्यात वर किराणावाल्याचे साडेचारशे रुपये.

पावत्यांवर वारसाचं नाव लावलेलं नव्हतं. बँकेतले साहेब म्हणाले, "कविराज, उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा." उताऱ्यासाठी दुसऱ्या कचेरीत गेलो, तर तिथे म्हणाले, "कोर्टातून वारस दाखला आणा." मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "प्रोबेट घेतलं का?" तीन माणसं, तीन कागद. मी बी.ए. झालेला माणूस, पण यातला एकही शब्द मला कुणी शिकवला नव्हता. या तीन कागदांच्या जन्मकथा कळल्या, तेव्हा माझी निम्मी धावपळ वाचली. म्हणून आज त्याच सांगतो.

आधी प्रोबेट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सिद्ध करणं. मृत्युपत्र खरं आहे, अशी कोर्टाने दिलेली ग्वाही म्हणजे प्रोबेट. इंग्लंडमध्ये हे काम १८५७ चा कायदा होईपर्यंत चर्चच्या न्यायालयांकडे होतं. आपल्याकडे ते आलं व्यापाऱ्यांबरोबर. कंपनीचा गोरा नोकर मुंबईत मरायचा. माल इथे, येणी इथे आणि वारस समुद्रापलीकडे. १७२६ मध्ये राजा पहिला जॉर्ज याच्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयरची न्यायालयं आली. त्यांना मृत्युपत्रं सिद्ध करून देण्याचा अधिकार मिळाला. पुढे तो रेकॉर्डरच्या कोर्टाकडे, मग सुप्रीम कोर्टाकडे आणि १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडे आला. १८७० च्या कायद्याने मुंबई शहरातल्या हिंदूंची मृत्युपत्रंही त्यात आली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातल्या कलम २१३ ने तोच नियम पुढे चालवला. मुसलमानांची मृत्युपत्रं या सक्तीतून बाहेर होती. २००२ पासून भारतीय ख्रिश्चनांचीही बाहेर पडली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळलं. म्हणजे सक्ती गेली. मात्र वाद असेल, तर प्रोबेट मागण्याची वाट मोकळी आहे. अब्बांनी मृत्युपत्र केलंच नव्हतं, त्यामुळे हा कागद आम्हाला लागणारच नव्हता.

दुसरा कागद उत्तराधिकार प्रमाणपत्राचा. तो येण्यांसाठी असतो : बँकेतली ठेव, शेअर, कुणाला दिलेलं कर्ज. पैसे देणाऱ्याला भीती असते, की आज एकाला दिले आणि उद्या दुसराच वारस दारात आला तर? १८८९ च्या कायद्याने त्यावर उपाय काढला. प्रमाणपत्र पाहून ज्याने प्रामाणिकपणे पैसे दिले, तो सुटला. आज हीच तरतूद १९२५ च्या कायद्यात आहे आणि ती सगळ्या धर्मांच्या माणसांना लागू आहे.

तिसरा आपला वारस दाखला. हा आपल्या मुलखातला जुना कागद. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि पुणे, सोलापूर, रत्नागिरी हा मुलूख कंपनीकडे गेला. मुंबई बेटावर इंग्रजी कायदा चालत होता. पण या मुलखात हिंदूंचं शास्त्र, मुसलमानांची शरीयत आणि जातीजातींचे रिवाज. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२७ मध्ये विनियमांचा एक संच आला. त्यातला आठवा विनियम वारसांचा. तो अजून चालू आहे.

त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, वारसाने कोर्टाची परवानगी न घेताही मालमत्ता सांभाळायला घ्यावी, येणी वसूल करावीत. ज्याचा जो धर्म किंवा रिवाज असेल, त्याप्रमाणे. दुसरी, समोरच्या माणसाला निर्धास्तपणे व्यवहार करता यावा म्हणून दाखला हवा असेल, तर अर्ज करावा. मग कोर्ट जाहीरनामा काढतं : कुणाची हरकत असेल, तर महिन्याभरात यावं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरातल्या जाहीर नोटिसा दिसतात, त्यांतल्या काही याच असतात. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. या दाखल्याने मालकी मिळत नाही. कारभार सध्या कोण पाहतो, एवढंच तो सांगतो. ज्याचा हक्क आहे, त्याचा हक्क त्याने बुडत नाही.

ही तिसरी गोष्ट आमच्या घरात कामाला आली. अर्ज लिहायची वेळ आली, तेव्हा भाईजान म्हणाले, "आपाला कशाला कोर्टात ओढायचं? तिचं नाव नकोच. नंतर बघू." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. आपल्या गावोगावी हे असंच बोललं जातं, सगळ्या धर्मांच्या घरांत. बहिणीला साडीचोळी केली, की हक्क फिटला. पण शरीयतचा क्रम ठरलेला आहे : आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत आणि मग वाटे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. पण तो ठरलेला आहे, भावाच्या मर्जीवर नाही. वकीलसाहेबही म्हणाले, "वारस लपवलात, तर मिळालेला दाखला रद्द होऊ शकतो. आणि दाखल्यात नाव नाही म्हणून त्यांचा हक्क जात नाही. जाते ती फक्त तुमची अब्रू."

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. शेतजमीन असेल, तर तलाठ्याकडे तीन महिन्यांत वारसाची खबर द्यावी; गाव नमुना सहा-क म्हणजे वारसांचीच नोंदवही. ती नोंदही महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांवर ज्याचं नाव लावलेलं असतं, तोही केवळ त्यामुळे मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळू शकतो. कित्येक विधवा बायांना हे ठाऊकच नसतं. शेजारणीला सांगा.

आपा एस.टी.ने आली. अर्जावर अम्मीचं नाव, आम्हा दोघा भावांचं आणि खाली तिचं. सही करताना तिने विचारलं, "अब्बांची ती चिठ्ठी कुठेय?" दाखला हातात यायला पुढे बरेच महिने लागले. पण किराणावाल्याकडे आम्ही तिघं त्याच संध्याकाळी गेलो. तो पैसे घेईना. आपाने ते त्याच्या गल्ल्यावर ठेवले आणि चिठ्ठीवरची पहिली ओळ खोडली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)