१३५७ फसली

आजोबांच्या तोंडी इसवी सन क्वचितच यायचा. शिक्षण उर्दूतून झालेलं, उमेदीचा काळ दुकानाच्या खातेवहीत गेलेला. त्यामुळे त्यांचं वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यानं लागायचं आणि आबान सरला की संपायचं. घरात कुणी १९४८ म्हणालं की ते म्हणायचे, "तेराशे सत्तावन्न फसली म्हण." मला ते बरोबर वाटतं. हैदराबादच्या निजामाच्या कालगणनेतलं ते साल ऑक्टोबर १९४७ ला लागलं आणि पुढच्या ऑक्टोबरात संपलं. तेवढ्या बारा महिन्यांत आमची हिंगोली एका राज्यातून दुसऱ्या देशात आली.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. गाव मुळात छावणीचं. पलटण, रिसाला, तोपखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं अजून त्याच ओळखीची. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. मधे कन्हेरगावचा नाका. नदीअलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. सात हालीला सहा कलदार. आजोबा हा भाव शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

थंडीत निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्यासाठी ते नदी उतरून उमरखेडच्या कॅम्पात गेले. बंदूक हातात धरली नाही, हे ते स्वतःच सांगायचे. त्यांच्याकडे धान्याचा हिशेब होता. म्हणूनच असेल, उमरीची बँक लुटली गेली त्याची गोष्ट सांगताना त्यांना धाडसापेक्षा पुढचा भाग प्यारा. वीस लाखांच्या वर रक्कम, आणि कार्यकर्त्यांनी पै-पैचा हिशेब चोख ठेवला! तो दिवस ३० जानेवारी १९४८ चा. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. इथं आले की आजोबा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसायचे. आम्ही पोरं गप्प.

वसमत भागातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. त्यांच्या नावानं आज वसमतला महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांनी वापटी एकदा तरी पाहावी, असं मला फार वाटतं.

आजोबांना कुस्तीचं वेड. त्या पावसाळ्यात लंडनला ऑलिंपिक होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथं सहावे आले; आजोबांना ते कितीतरी दिवसांनी कळलं, पण सांगताना तालमीत उभे असल्यासारखे मांडीवर थाप मारायचे. १२ ऑगस्टला हॉकीत आपण इंग्रजांना त्यांच्याच घरी ४-० असं हरवलं आणि वेम्बलीत तिरंगा चढला. नदीअलीकडे, आमच्या हिंगोलीत, तोच तिरंगा लावला तर तुरुंग होता.

मग आबान आला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामानं रेडिओवर हार कबूल केली. आजोबा घरी परतले आणि त्यांची गोष्ट इथं संपायची. दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेतही ती इथंच संपते.

आजी मात्र भाकरी थापता थापता पुढचं सांगायची, आवाज खाली आणून. "तुझ्या आजोबानं अर्धंच सांगितलं लेकरा." निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली, ती तिनं पाहिली होती. आणि नंतर सूड कुणावर उगवला गेला, तेही. ज्यांनी कधी काठीसुद्धा उचलली नाही अशा मुसलमानांची घरं ओस पडली. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं हैदराबाद राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज केला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आजीला वाचता येत नव्हतं. तिला रिसाल्यातलं एक घर ठाऊक होतं, तेवढंच.

माझे वडील लहानपणी सतत आजारी. म्हणून नवस बोलून दर मोहरमला त्यांना फकीर करायचे. रिसाल्यातल्या खाला त्यांच्या मनगटाला लाल-हिरवा नाडा बांधायच्या, आजी घरून चोंगे करून न्यायची. गुळाच्या पाण्यात कणीक मळायची, आणि तव्यावर चोंगा भाजताना घरभर बडीशेपेचा वास.

१९४८ चा मोहरम दिवाळीच्या पाठोपाठ आला. एव्हाना १३५८ लागलं होतं. आजोबा नको म्हणत होते, तरी आजीनं चोंगे केले, फडक्यात बांधले, पाच वर्षांच्या वडिलांचा हात धरला आणि निघाली. खालांच्या दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. अंगणात रांजण आडवा पडलेला. आजी बराच वेळ उंबऱ्यापाशी बसून राहिली.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. फसली साल, फौजा, रेडिओ, यातलं त्यांना स्वतःचं काहीच आठवत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा उजवं मनगट डाव्या हातानं धरत एवढंच म्हणाले, "त्या साली मला नाडा बांधायला कुणी नव्हतं."