कपाटातील सीडी ते स्वाक्षरीचे भांडार

शासकीय कार्यालयांतील संगणकीकरणाचा इतिहास सांगताना आपण यंत्रे किती आली ते मोजतो. त्या यंत्रांवर सॉफ्टवेअर कोणी चढवले, कोठून आणले आणि कोणाच्या अधिकाराने, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. वास्तविक प्रशासनाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हाच आहे.

१९९० च्या दशकात सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून व पुढे सीडीवरून येई. सीडी कपाटात आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती आपोआप सुरू नसे. भाषेच्या पर्यायात एक खूण करावी लागे आणि त्यानंतर संगणक बहुधा मूळ सीडी मागत असे. ती सापडली नाही तर हिंदी वा मराठी टिपण त्या संगणकावर नीट उमटत नसे. म्हणजे राजभाषेचा व्यवहार एका तबकडीवर अडून राहत असे!

जाळे मात्र देशात आधीच होते. १९७६ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे 'निकनेट' उपग्रहाद्वारे जिल्हा मुख्यालयांना जोडू लागले. जाळ्यावरून माहिती येऊ शकते, तर सॉफ्टवेअर का येऊ नये? येथे विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. दूरच्या संगणकावरून आलेली वस्तू अस्सल कशावरून मानावी?

याचे उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने टप्प्याटप्प्याने शोधले. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने मार्च १९९९ च्या आवृत्तीत 'ॲप्ट' हे साधन आणले. एक आज्ञा दिली की ते हवा तो प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे इतर घटक भांडारातून आणून बसवी. एप्रिल २००७ च्या आवृत्तीपासून भांडाराच्या सूचीवरील डिजिटल स्वाक्षरीही तपासली जाऊ लागली. सूचीत प्रत्येक फाइलचा गणिती ठसा असतो. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही.

हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नव्हते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने याच प्रकारच्या स्वाक्षरीला व ठशाला वैधता दिली होती. पुढे चेन्नईच्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली २००७ साली उपलब्ध केली आणि २०१५ साली केंद्र शासनाने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वाक्षरी केवळ उगम सिद्ध करते, मालाची गुणवत्ता नव्हे. शिवाय भांडार चालू ठेवणारा कोणीतरी हवा. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचे नियमित पाठबळ थांबले, तेव्हा ज्या यंत्रांवर ती प्रणाली होती ती सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांना मुकली.

म्हणून कोणते भांडार मान्य, त्याची स्वाक्षरी कोणाची आणि दुरुस्त्या किती दिवसांत बसवायच्या, हे निर्णय केवळ तंत्रज्ञावर सोपवू नयेत. ते कार्यालयप्रमुखाने लेखी घेऊन नस्तीवर ठेवावेत. पूर्वी कपाटाच्या किल्लीची जबाबदारी नेमून दिलेली असे. आज भांडाराच्या किल्लीची तशीच नेमून द्यायला हवी.