न मोडलेला काटा

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते लागतं. पाऊस धरला की इथल्या खाचरांत चिखलणी सुरू होते आणि लावणी आटपेपर्यंत माणसांचे पाय चिखलातून सुटत नाहीत. बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा पांढऱ्या पडून मऊ होतात. पुढे कधीतरी तळव्यात टोचू लागतं. पाय उलटा करून पाहावा, तर खरखरीत गोल गाठ आणि तिच्यात काळे ठिपके. घरातलं जाणतं माणूस उजेडात पाय धरून सांगतं, "काटा मोडलाय आत, त्याचं कुरूप झालंय." मग सुई तापते, ठिपका कोरला जातो, रक्त येतं. काटा मात्र निघत नाही.

या काट्याचा माग काढत गेलं की आपण सुश्रुतसंहितेपाशी पोचतो. निदानस्थानातल्या क्षुद्ररोगांमध्ये 'कदर' आहे : खड्याने दुखावलेल्या किंवा काट्याने जखमी झालेल्या पायावर उठणारी, बोराएवढी कठीण गाठ. ती कापून काढावी आणि ती जागा तापल्या स्नेहाने, म्हणजे तेला-तुपाने, डागावी, हा त्यावरचा उपाय. त्याच ग्रंथात मूळव्याधीच्या अध्यायात 'चर्मकील' भेटतो. चर्म म्हणजे कातडी, कील म्हणजे खुंटी. कातडीवर खुंटीसारखा घट्ट उभा राहणारा कोंब. हाच शब्द झिजून आपल्या तोंडी चामखीळ झाला. ग्रंथात या दोघांची नावं वेगळी, अध्यायही वेगळे. पण तळव्यावरची चामखीळ अंगाच्या भाराने आत दबते, वर उगवत नाही. म्हणून तिलाही आपण कुरूपच म्हणत आलो आणि तिच्यावरही काट्याचाच संशय घेत आलो.

उपायही त्याच वळणाचे राहिले. रुईचा चीक, चुना, बिबव्याचा चटका. हातावरच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा. जाळायचं किंवा आवळायचं, एवढंच हाती होतं. बिबवा तर गाठीसोबत आजूबाजूची चांगली कातडीही भाजून काढतो.

खरा गुन्हेगार उजेडात आला तो दूर इटलीत. १९०७ साली जुसेप्पे च्युफो या डॉक्टरने चामखिळीचा अर्क जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि स्वतःच्याच हातात टोचून घेतला. तिथे चामखिळी उगवल्या. जिवाणूहूनही लहान असं काहीतरी हा आजार पसरवत होतं. १९४९ मध्ये ते कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आज आपण त्यांना ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणतो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. तळपायाला त्रास देणारे त्यातले मोजकेच, प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ क्रमांकांचे.

आणि ते काळे ठिपके? गाठीत शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्या, आत रक्त गोठून काळ्या पडलेल्या. त्या कोरल्या तर रक्त येणारच. तरी जुन्या माणसांचा काट्यावरचा संशय अगदीच वाया गेला असं मला वाटत नाही. विषाणूला आत शिरायला ओली, मऊ, खरचटलेली कातडी लागते. काटा, खडा आणि चिखल ती वाट करून देतात. पायाला जखम झाली आणि तिथून दुखणं सुरू झालं, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

कुरूप आणि चामखीळ वेगळी ओळखायला यंत्र लागत नाही. कुरूप वरून दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त कळ येते. तळव्याच्या बारीक रेषा कुरुपावरून सलग जातात, चामखिळीपाशी तुटतात. कुरूप हे घासण्याचं आणि दाबाचं फळ आहे, ते पसरत नाही. चामखीळ पसरते, कोरणाऱ्या सुईबरोबरसुद्धा.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कातडीचे थर हळूहळू सोडवतं. दवाखान्यात उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गाठ गोठवतात. २४० रुग्णांवर या दोन्ही उपायांची तुलना करणारा अभ्यास २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी दोन्हींकडे शंभरातल्या सुमारे चौदा जणांचेच पाय पूर्ण मोकळे झाले होते. यातून मी एकच गोष्ट घेतो : या दुखण्यात घाई कामाची नाही. शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. मधुमेह असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना ॲसिड लावावं, ना ब्लेड.

काट्याने काटा काढावा, ही आपली जुनी रीत. पण इथे काढायला काटाच नाही. लावणीनंतर घरात कुणी पाय धरून बसलं, तर सुई तापवण्याआधी ती गाठ दोन्ही बाजूंनी हलकेच चिमटीत धरून पाहावी.