राणीचे पान : पोकरमधील ‘कॉल’चा इतिहास

१९९१ साल. पोकरच्या टेबलावर समोरासमोर दोनच भिडू. एक स्टू अंगर, १९८० आणि १९८१ चा जगज्जेता. दुसरा मूळचा इराणी मन्सूर मतलूबी, आदल्याच वर्षीचा जगज्जेता. दोघांनी प्रत्येकी ५० हजार डॉलर मांडलेले. जो सर्व हरेल तो उठेल, असा सामना.

खेळाचा प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाच्या हाती दोन गुप्त पाने, आणि मध्ये उघडी मांडलेली, दोघांची सामायिक अशी पाच पाने. या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव.

मध्ये उघडली होती ती पाने : तिर्री, तिर्री, सत्ती, राजा, राणी. अंगरच्या हाती दश्शी आणि नव्वी. तिर्रीची जोडी सामायिक असल्याने तिचा लाभ दोघांनाही सारखाच. अंगरचे स्वतःचे असे भांडवल म्हणजे एक दश्शी. डावात तोवर १५,२०० डॉलर जमले होते. मतलूबीने आपल्याजवळचे उरलेले सर्व ३२ हजार डॉलर पुढे सरकवले.

अंगरपुढे दोनच वाटा होत्या : पाने टाकून देणे, किंवा तेवढेच पैसे भरून समोरच्याची पाने पाहणे. त्याने क्षणभर विचार केला. तुझ्याकडे चार-पाच किंवा पाच-सहा असणार, असे त्याने मतलूबीला तोंडावर सांगितले, अशी या डावाची कथा सांगितली जाते. मग त्याने पैसे भरले. मतलूबीची पाने निघाली चार आणि पाच. त्याला क्रम जुळवायला छक्की हवी होती. ती आली नाही म्हणून त्याने हूल दिली होती. दश्शीने डाव जिंकला.

पोकरच्या दुनियेत हा डाव अद्भुतकथेसारखा सांगितला जातो. त्यातील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला, तर एक जुना आणि रूक्ष प्रश्न उरतो : हातातले पान केवळ हुलीलाच हरवू शकत असेल, खऱ्या बळापुढे टिकणार नसेल, तर त्यावर पैसे भरावेत का? पोकरमध्ये या कृतीला ‘कॉल’ म्हणतात. तीन पत्तीत शेवटचे दोघे उरल्यावर पैसे टाकून ‘शो’ मागतात, त्याची ही जवळची नातेवाईक.

या कृतीची कीर्ती कधीच चांगली नव्हती. पैज वाढवणारा धाडसी, पान टाकून देणारा शहाणा. नुसता कॉल करणारा मात्र ना धड शूर ना धड सावध. प्रत्येक पैजेला पैसे भरणाऱ्या खेळाडूसाठी इंग्रजीत ‘कॉलिंग स्टेशन’ असा कुत्सित शब्दच रूढ आहे. अमेरिकेचे नामांकित सांकेतिक लिपीतज्ज्ञ हर्बर्ट यार्डली यांनी १९५७ मध्ये पोकर शिकवणारे पुस्तक लिहिले. त्यातही भर आहे तो संयमावर : बळकट पाने येईपर्यंत वाट पाहा, बाकीची टाकून द्या. (दुसऱ्या देशांच्या गुप्त तारा उलगडण्यात हयात घालवलेल्या माणसाने समोरच्याच्या मनाचा ठाव घेण्यापेक्षा पाने टाकून देण्यावर अधिक विसंबावे, हे गमतीचे खरे.)

गंमत अशी की, या बदनाम कृतीचे खरे मोल यार्डलींच्या पुस्तकापूर्वीच सिद्ध झालेले होते. पण जुगाराच्या अड्ड्यावर नव्हे, विद्यापीठात. फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोकरसदृश खेळाचे गणित मांडले. जॉन फॉन नॉयमन यांचा खेळांविषयीचा मूलभूत सिद्धान्त १९२८ चा. ओस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभागच आहे. हूल हा स्वभावाचा खोडसाळपणा नसून योग्य खेळाचा अटळ भाग आहे, असे त्यात दाखवले होते. आणि हूल अटळ असेल, तर तिला अडवणारा कॉलही अटळ ठरतो.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते हॅरल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये मांडलेल्या चिमुकल्या पोकरमध्ये. त्यात पाने तीनच : राजा, राणी, गुलाम. खेळाडू दोन. प्रत्येकाने आधी एक नाणे टाकायचे, एकेक पान घ्यायचे. मग हवे तर आणखी एका नाण्याची पैज लावायची. समोरच्याने एक तर तेवढेच नाणे भरायचे, नाहीतर पान टाकायचे. मोठे पान जिंकते. बस्स, एवढाच खेळ.

समजा, तुमच्या हाती राणी आहे आणि समोरच्याने पैज लावली. त्याच्याकडे राजा असेल तर तुम्ही हरलात. गुलाम असेल तर ती हूल आहे आणि तुम्ही जिंकलात. तिसरी शक्यताच नाही. राणी जिंकू शकते ती फक्त थापाड्यासमोर.

राणी दर वेळी टाकून दिली, तर समोरचा प्रत्येक गुलामावर बिनधास्त पैज लावील आणि तुमचे पहिले नाणे फुकटात नेईल. दर वेळी पैसे भरले, तर तो हूल सोडून देईल आणि केवळ राजा आल्यावरच पैज लावून दुप्पट वसूल करील. कूनचे उत्तर असे : राणीवर तीनपैकी एकदा पैसे भरावेत, दोनदा पान टाकावे. कोणत्या वेळी भरायचे हे मात्र नेमाने ठरवू नये, दैवावर सोडावे. नेम ठरला की समोरचा तो ओळखतो.

पैज लावणाऱ्यालाही तसेच बंधन आहे. राजावर तो जितक्या वेळा पैज लावील, त्याच्या एक तृतीयांश वेळाच त्याने गुलामावर हूल द्यावी. म्हणजे त्याच्या चार पैजांतली एक खोटी. तुम्ही एक नाणे भरून तीन नाण्यांसाठी लढता. चारांत एकदा जिंकलात की हिशेब अगदी बरोबरीत सुटतो. समोरचा अचूक खेळत असेल, तर राणीवरच्या कॉलने एका छदामाचीही कमाई होत नाही. शेतात उभ्या असलेल्या बुजगावण्याने धान्य पिकत नाही, तसेच हे. पण ते काढून टाकले की पाखरांचे थवे उतरतात. जिंकण्याच्या घाईतल्या खेळाडूंना ही गोष्ट पटायला जड गेली, कारण तिचा नफा जमाखर्चाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

याच हिशेबाने अंगरचा डाव तपासता येतो. ३२ हजार भरून तो ४७,२०० साठी लढत होता. म्हणजे पाचांत दोनदाहून किंचित अधिक वेळा बरोबर ठरला असता तरी पुरे होते. तरीही गणित त्याला दश्शीवर पैसे भरायला सांगेल, असे वाटत नाही. मतलूबी एक्का किंवा गुलाम घेऊन हूल देत असता, तर ती हूल आहे हे अचूक ओळखूनही अंगर हरला असता! अशा जागी राखणीला सत्तीची जोडी किंवा निदान एक्का उभा करावा. अंगरने जे केले ते समतोल नव्हते. ते एका विशिष्ट माणसाचे वाचन होते. समोरचा कधीच हूल देत नसेल, तर राणी दर वेळी टाकावी, हेही कूनच्याच खेळातून निघते.

नेमका उलटा प्रसंग २००३ च्या जागतिक स्पर्धेत घडला. प्रवेशशुल्क १० हजार डॉलर, खेळाडू ८३९, पहिले बक्षीस २५ लाख डॉलर. अखेरीस उरले दोघे : मुरलेला व्यावसायिक सॅमी फार्हा, आणि इंटरनेटवरील स्वस्त पात्रता-फेरीतून आलेला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. आडनाव अर्थातच खरे. एका डावात मनीमेकरच्या हाती जोडीसुद्धा नव्हती, तरी त्याने सर्व पैसे पुढे ढकलले. फार्हाकडे नव्वीची जोडी होती, आणि उघड्या पानांत नव्वीहून मोठे काही नव्हते. रंग जुळवायचा राहिला असावा, ही शंका त्याने बोलूनही दाखवली. तरी पाने टाकली. पुढे स्पर्धा मनीमेकरने जिंकली. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण आले, आणि २००६ मध्ये ८,७७३. एका हिशेबनिसाच्या यशाने हजारोंना टेबलाशी खेचले, आणि त्या यशाच्या वाटेवर राणीचे एक न भरलेले नाणे होते.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडू ‘लिब्रेटस’ या संगणक-प्रणालीविरुद्ध बसले. ती कार्नेगी मेलन विद्यापीठात ट्युओमस सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी घडवली होती. वीस दिवस, १ लाख २० हजार डाव. जमलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैज ही प्रणाली अचानक लावी, आणि माणसांना पुन्हापुन्हा त्याच जुन्या जागी आणून सोडी : हाती मधले पान, समोर डोंगराएवढी पैज, आणि वाचायला चेहराच नाही. अखेरीस ती सुमारे १७ लाख ६६ हजार डॉलरच्या सोंगट्यांनी पुढे होती. तिच्यावर अशी वेळ आली की ती कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. दर पर्यायाचे प्रमाण काढी, आणि त्या प्रमाणात कौल लावून भरायचे की टाकायचे ते ठरवी.