व्याख्यानाचे स्थलांतर : वैद्यकीय अध्यापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

मध्ययुगीन युरोपातील शारीरशास्त्राच्या पाठात अध्यापक उच्चासनावरून गेलेनचा ग्रंथ वाचून दाखवीत असे. विच्छेदन खाली उभा असलेला न्हावी करी. ग्रंथ दुर्मीळ होते, म्हणून वाचन हेच अध्यापन ठरले होते. इ. स. १५३७ मध्ये पादुआ येथे नियुक्त झालेल्या वेसालिअसने शस्त्र स्वतःच्या हाती घेतले. परंतु मुद्रित ग्रंथ सुलभ झाल्यावरही व्याख्यान शतकानुशतके वर्गातच ठाण मांडून राहिले, ही गोष्ट काहीशी नवलाचीच म्हणावयास हवी.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकाचा पहिला वर्ग भरविला तो रुग्णाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून. पुढील दशकात ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेल्सेन यांनी वाणिज्याच्या मोठ्या वर्गासाठी निराळी पद्धत बसविली. विद्यार्थ्याने घरी वाचून यावे. वर्गात येताच छोटी परीक्षा प्रथम एकट्याने, मग गटाने द्यावी. उरलेला वेळ प्रश्नांच्या उकलीत घालवावा. ही पद्धत कालांतराने वैद्यकीय महाविद्यालयांनी उचलली. ‘फ्लिप्ड क्लासरूम’ हे नाव त्यानंतरचे. प्रोबर व हीथ यांनी २०१२ मध्ये व्याख्यानाविना व्याख्यानगृहांचा पुरस्कार केला, तेव्हा स्टॅनफर्डच्या जीवरसायनशास्त्राच्या एका अभ्यासक्रमाचा दाखला दिला. तेथे व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून घरी पाहावयास दिली होती आणि उपस्थिती ऐच्छिक असूनही ती सुमारे ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली. वर्गात येण्याजोगे काही घडू लागले, हाच त्याचा अर्थ.

येथेच या पद्धतीचे मर्म आहे आणि २०२० मधील पेचही. व्याख्यान घरी नेणे हा तिचा पूर्वार्ध. मोकळ्या झालेल्या वेळी प्रत्यक्ष सान्निध्यात विचार करणे हा उत्तरार्ध. महामारीने वर्ग बंद पाडले तेव्हा पूर्वार्धाला मुळीच धक्का लागला नाही; उत्तरार्ध मात्र निराधार झाला. जेथे अध्यापकाने पडद्यावर तासभर थेट व्याख्यान दिले, तेथे काही ‘उलटले’ असे म्हणता येत नाही. उच्चासन तेवढे बदलले. ज्यांनी लहान मुद्रित पाठ व पूर्वपरीक्षा आधी देऊन, नंतर पाचसहा जणांच्या आभासी गटांत एखाद्या रुग्णवृत्तावर चर्चा घडविली, त्यांनी उत्तरार्ध बऱ्याच अंशी सावरला. निदानाचा तर्क अशा रीतीने शिकविता येतो; पोटावर हात ठेवून यकृताची कड ओळखणे शिकविता येत नाही.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट झाला. मुद्रित पाठ दुर्बल जोडणीवरही सावकाश उतरवून घेता येतो. चर्चेला मात्र अखंड जोडणी लागते. म्हणजे साधने तुटपुंजी असलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पूर्वार्धच येण्याचा संभव अधिक. शिवाय स्वयं-अध्ययन व लहान गटांतील अध्यापन यांवर भर देणारा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ मध्येच सुरू झाला होता. त्याची पहिली तुकडी एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षात, म्हणजे विच्छेदनाच्याच वर्षात असताना, २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली.