पंगतीतून टेबलाकडे

उत्तरपत्रिका तपासणीच्या कामासाठी आम्ही चौघे माटुंग्याला गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत स्टेशनजवळच्या एका उडप्याच्या हॉटेलात शिरलो. गर्दी इतकी होती, की चौघांना एक टेबल मिळणे शक्यच नव्हते. दोघे एकीकडे बसले, तर दोघांना एका अनोळखी वृद्ध गृहस्थांच्या समोरच्या खुर्च्या मिळाल्या. त्यांनी मान वर न करता आपली इडलीची बशी थोडी स्वतःकडे ओढून जागा करून दिली. आमच्या टेबलावर मिसळपाव आला, शेजारच्या टेबलावर शेवपुरी गेली, कोपऱ्यातली मुले एकच साधा डोसा तिघांत फोडून खात होती. गल्ल्यामागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती : 'शुद्ध शाकाहारी'. आमच्यातल्या एकाने परीक्षकाच्या सवयीने विचारले, "शाकाहारी कळले, 'शुद्ध' कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या नादात आम्ही जे वाचले आणि आठवले, ते येथे मांडत आहोत.

अनोळखी माणसासमोर बसून, त्याची जात न विचारता आणि आपली न सांगता, कोणाच्या तरी हातचे शिजवलेले अन्न खाणे ही गोष्ट आज आपल्याला विचार करण्याजोगीही वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला ती जवळजवळ अशक्य वाटली असती. रोटीव्यवहार हा शब्द बेटीव्यवहाराच्या बरोबरीने उच्चारला जाई, तो उगाच नव्हे. कोणाच्या हातचे कच्चे, कोणाच्या हातचे पक्के, पाणी कोणाचे चालते, सोवळे कुठे सुटते, याचे बारीक नियम घराघरांत पाठ होते. प्रवासाला निघालेला माणूस शिधा बांधून घेई आणि वाटेत स्वतः चूल मांडी. घराबाहेर जेवण्याचा मान्य प्रकार एकच, तो म्हणजे पंगत. आणि पंगत म्हणजे कोण कोणाशेजारी बसणार याची उघडी यादीच.

या व्यवस्थेला पहिला चोरटा धक्का पावाने दिला, असे म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु १८४९ साली दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचा दीक्षाविधी पाहावा. जातिभेद मानणार नाही, या प्रतिज्ञेची खूण म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे. पाव खाल्ला की धर्म बुडाला, ही समजूत कोकणात आणि वसईकडे फार खोलवर रुजलेली होती. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा आमच्या लहानपणापर्यंत सांगितल्या जात. त्या कितपत खऱ्या हा वेगळा विषय. पण पाव हा अन्नपदार्थ नसून सीमारेषा आहे, एवढे त्यांतून कळते. परमहंस सभेचे सभासद ही सीमारेषा बंद दाराआड ओलांडत. १८६०च्या सुमारास सभेची कागदपत्रे बाहेर गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभाच विरून गेली. पाव खायला जेवढे धैर्य लागले, त्याहून अधिक धैर्य 'खाल्ला' म्हणायला लागत होते.

पुढच्या पिढीत हाच प्रकार चहाच्या पेल्यावरून झाला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानासाठी जमली आणि नंतर त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. टिळक होते, रानडे होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि पुण्यात ग्रामण्याचा वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि आपल्याच सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. आम्ही हे प्रकरण वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी हसतात. न्यायमूर्तींना एका कप चहासाठी प्रायश्चित्त? हसण्यासारखे आहे खरे; पण ज्यांच्यावर बहिष्कार पडे त्यांच्या घरी भटजी येत नसे, मुलीचे लग्न जमत नसे, मयताला खांदा द्यायला माणसे मिळत नसत. चहाचा खरा भाव तो होता.

अशा समाजात हॉटेल नावाची गोष्ट उभी राहायची, तर ग्राहकाच्या मनातली धास्ती आधी शमवायला हवी होती. ती शमवण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वयंपाकी ब्राह्मण ठेवणे आणि तसे पाटीवर लिहिणे. ब्राह्मणाच्या हातचे शाकाहारी अन्न बहुतेक सर्व जातींना चालत असे. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा ग्राहकवर्ग त्यातच होता. बंगळूरला १९२४ साली यज्ञनारायण मय्या आणि त्यांच्या भावांनी सुरू केलेल्या प्रसिद्ध उपाहारगृहाचे मूळ नाव 'ब्राह्मण कॉफी क्लब' होते. 'मावळ्ळी टिफिन रूम्स' हे नाव १९६० सालचे. मद्रासमध्ये १९५७ साली पेरियारांच्या अनुयायांनी एका हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून दारासमोर आंदोलन केले आणि अखेर तो शब्द गेला. पुण्यातल्या श्रीमाळी ब्राह्मणांच्या 'अमृततुल्य' चहाचा जम बसण्यामागेही, वेलची-आल्याइतकाच, चहा उकळणाऱ्या हाताचा वाटा असावा असा आमचा तर्क आहे.

मुंबईत दादरला १९१० साली मामा काणे यांनी काढलेल्या उपाहारगृहाचे नाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे : 'स्वच्छ उपाहारगृह'. हा 'स्वच्छ' शब्द मोठा सोयीचा. नव्या शिकलेल्या कारकुनाला त्यात आरोग्यशास्त्र दिसावे, आणि त्याच्या आईला सोवळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा कितीतरी शब्दांनी ही दुहेरी चाकरी केली. 'ब्राह्मणी'चे 'स्वच्छ' झाले, 'आरोग्य' झाले आणि पुढे 'शुद्ध शाकाहारी' झाले. जुना अर्थ पुसला गेला नाही, तो फक्त ऐकू येईनासा झाला. ज्याला ऐकायचा असतो त्याला तो अजूनही ऐकू येतो. घर भाड्याने शोधणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांना विचारावे.

ज्यांना या सोवळ्याशी देणेघेणे नव्हते ते इराण्याकडे जात. संगमरवरी टेबल, बाकदार लाकडी खुर्च्या, आरसे आणि बन-मस्का. तेथे कोणीही बसावे. इराण्यावर मराठीत इतके प्रेमाने लिहिले गेले आहे, की आम्ही त्यात भर घालत नाही. गिरणगावात पोट भरण्याची वाट वेगळी होती. कोकण-घाटावरून एकटे आलेले कामगार गाववाल्या बाईच्या खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवत. तेथे जात नियमाने नव्हे, गावाच्या ओळखीने टिकून राही. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे या बायका इतिहासाच्या पानावर आल्या.

आता उडपी. माटुंग्यात बंदर, रेल्वे आणि कचेऱ्यांत नोकरी करणारी दाक्षिणात्य मंडळी दाट वस्तीने राहू लागली आणि त्यांच्यासाठी जेवणाखाण्याची ठिकाणे निघाली. रामा नायक यांचे 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ सालचे. नावातच श्रीकृष्ण आहे. म्हणजे मध्वाचार्यांच्या परंपरेतले, अष्टमठांच्या पाकशाळेचा वारसा सांगणारे उडुपी. ज्या मठाच्या पंक्तिभेदाविरुद्ध एकविसाव्या शतकातही आंदोलने झाली, त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॉटेलांनी मुंबईला अनोळखी माणसासमोर बसून खायला शिकवले, हा योगायोग आम्हाला विलक्षण वाटतो. स्वयंपाकघर भिंतीआड गेले, इडली सर्वांची सारखी, बशी सर्वांची सारखी, आणि दर फळ्यावर लिहिलेला. कोण राबतो ते दिसेना, म्हणून विचारणेही हळूहळू बंद पडले. पुढे तर हा धंदा बहुतांशी बंट शेट्टींच्या हाती गेला. कर्नाटकात १९७४ साली कूळकायद्यातील दुरुस्ती लागू होऊन अनेकांच्या जमिनी गेल्यावर त्यांच्यातली तरुण मुले मोठ्या संख्येने मुंबईकडे वळली. बंट हे मांसाहारी. पण 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी त्यांनी तशीच ठेवली. पाटीचा आणि हाताचा संबंध येथे तुटला, आणि तो तुटल्याचे ग्राहकाच्या गावीही नव्हते.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले, असा समज होऊ नये. १९६६ साली शिवसेना स्थापन झाल्यावर आरंभीच्या वर्षांत तिचा रोख दाक्षिणात्यांवर होता, आणि दगड पडले ते उडप्यांच्या काचांवर. ज्या मराठी कारकुनाची नोकरी दाक्षिणात्याने घेतली असे म्हटले जाई, तोच कारकून दुपारी त्याच्याकडे इडली खात असे. १९६६ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी सांगितले जाते. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली ती याच सुमारास. मराठी तरुणाचा धंदा म्हणून वडापावाला पुढे राजकीय आश्रय मिळाला, आणि १९८२च्या गिरणी संपानंतर, सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवर गदा आली तेव्हा, अशा गाड्या अनेकांचा आधार ठरल्या. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सरकारी आशीर्वादाने निघाली आणि काही वर्षांत बंदही पडली. वडापावाला सरकारची गरज कधी भासली नाही.

पण आम्हाला येथे थांबून वडापावाकडेच नीट पाहावेसे वाटते. मामा काण्यांकडे बटाटेवडा आधीपासून प्रसिद्ध होता. स्वच्छ, सोवळ्याला चालणारा, बशीत येणारा बटाटेवडा. तो ज्यात घातला गेला तो पाव कोणता? तोच, जो खाऊन परमहंस सभेतले लोक नावे लपवीत फिरले. शंभर-सव्वाशे वर्षांत तो पाव मराठी अस्मितेचा पदार्थ झाला आणि त्याच्या पूर्वायुष्याची कोणाला आठवणही उरली नाही. पुण्यात मात्र अजूनही काही जुन्या ठिकाणी मिसळीबरोबर पाव न देता ब्रेडचे काप देतात. यात इतिहास शोधावा की केवळ पुणेरीपणा, हे आम्ही वाचकांवर सोडतो.

स्त्रियांची गोष्ट राहिलीच. बाईमाणसाने हॉटेलात जाणे हे बराच काळ शिष्टसंमत नव्हते. म्हणून 'फॅमिली रूम' निघाली : हॉटेलच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांची खण पाडलेली जागा, पुढे पडदा. आमच्यातल्या एकीच्या आईने लग्नानंतर पहिला मसाला डोसा अशा पडद्याआड खाल्ला आणि वेटर आला की पदर सावरून खाणे थांबवले, असे ती सांगे. पुढे पडदे गेले, आणि रस्त्यावर उभ्याने पाणीपुरी खाणाऱ्या मुलींकडे कोणी वळून पाहीना. हा बदल कोणत्या साली झाला ते कुठेच नोंदलेले नाही.

जे नोंदले गेले ते कायद्यात. १९५० सालच्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही असे म्हटले आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेलाचा उल्लेख का यावा, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. त्याला आम्ही कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकिकत सांगितली. राजवाड्यातल्या नोकरीत असताना पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगून मदत केली आणि कांबळ्यांनी चहाचे हॉटेल काढले. महाराचे हॉटेल म्हणून कोणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-दरबाऱ्यांनाही तोच चहा पाजू लागले. पंचहौद मिशनच्या चहाला तेव्हा तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

राजा गेला की मात्र गावोगावच्या हॉटेलांत कप वेगळेच राहिले. १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाल्यावरही राहिले. आमच्यातल्या एकाचे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यात वाढले. तेथल्या हॉटेलाबाहेर कुडाच्या खुंटीला कान तुटलेले दोन कप अडकवलेले असत. आपला कप घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, उकिडवे बसून प्यायचा, विसळायचा आणि परत अडकवायचा. पैसे फळीवर ठेवायचे. पुढे ते शिक्षक झाले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला आले असता मुलगा त्यांना याच माटुंग्याच्या हॉटेलात घेऊन आला होता. इडली झाली, कॉफी झाली. मुलगा बिल द्यायला गल्ल्याकडे गेला आणि वळून पाहतो तर वडील हातात वाटी आणि पेला घेऊन हात धुण्याच्या बेसिनपाशी उभे होते. वेटर धावत आला, "बाबा, राहू द्या, राहू द्या" म्हणाला, आणि त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. बाबांनी तोवर तो विसळला होता.